उंच गाडी आणि आजीचा गुडघा

गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील घरांच्या अंगणात उभे राहणारे वाहन हळूहळू उंच होत गेले. अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या बसक्या गाड्या. त्यांत माणूस वाकून शिरत असे आणि उतरताना दाराला धरून स्वतःला वर खेचत असे. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००५ मध्ये इनोव्हा. त्यानंतर ‘घरची गाडी’ म्हणजे सात माणसांची, उंच चाकांची, शेतापासून लग्नकार्यापर्यंत सर्वत्र जाणारी गाडी, ही कल्पना तालुक्यातालुक्यांत रुजली. तिची कारणेही रास्त आहेत. मळ्याकडे जाणारी वाट खडीची असते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते, एकत्र कुटुंबात माणसे सात-आठ असतात, आणि आठवड्यातून सहा दिवस तीच गाडी कामालाही लागते.

अशी गाडी घ्यायची ठरली, की घरात महिनाभर चर्चा रंगते. डिझेल किती खाते, हप्ता किती पडतो, रंग कोणता, संगीताची यंत्रणा कशी. गाडी दारात आली, की तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक घरातील आजीच्या हातून काढले जाते आणि नारळही तिच्याच हातून वाढवला जातो. या गाडीत तिने चढायचे कसे, हे मात्र तिला सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न सोयीचा वाटला, तरी प्रत्यक्षात तो प्रकृतीचा आहे. वृद्ध माणसाचे बाहेर जाणे एकदम थांबत नाही; ते एकेका नकाराने थांबत जाते. दिंडोरी तालुक्यातील परिचयाच्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबात हे जवळून पाहण्यात आले. छाटणी, फवारणी, मालाची ने-आण यांसाठी आणि सुटीच्या दिवशी सहलीसाठी म्हणून त्यांनी मोठी गाडी घेतली. पहिल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या आजी सगळीकडे गेल्या. दुसऱ्या वर्षी माहेरच्या लग्नाला ‘ऊन फार आहे’ म्हणून राहिल्या. हिवाळ्यात हुरड्याला ‘मला आता हुरडा चावत नाही, तुम्ही जाऊन या’ म्हणाल्या. सुनेने एकदा खोदून विचारले, “आई, तुम्हाला यायचंच नसतं की येववत नाही?” तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, दोघांनी धरून वर चढवायचं, चारचौघांत. पोतं चढवल्यासारखं वाटतं मला.” गुडघेदुखीपेक्षा तो संकोच त्यांना अधिक बोचत होता. वणीच्या सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यापासून पाचशेच्या आसपास पायऱ्या चढण्याचे कष्ट वाचले. पण घरच्या गाडीची एक पायरी त्यांना ओलांडता येत नव्हती.

वृद्ध माणसाचे बाहेर जाणे कमी झाले, की चालणे कमी होते. चालणे कमी झाले, की मांड्यांचे स्नायू सैल पडतात. आणि स्नायू सैल पडले, की गाडीत चढणे आणखी अवघड होते. या चक्राचा आरंभ जर गाडीच्या दाराशी होत असेल, तर उपायही तेथेच शोधला पाहिजे.

चढण्याची रीत

घरच्या जिन्याची पायरी साधारणपणे १५ ते १८ सेंटीमीटर उंच असते. मोठ्या गाडीचा तळ जमिनीपासून त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर असतो. यातही दोन प्रकार आहेत. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर किंवा इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांत खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरचा भाग बसवलेला असतो. त्यामुळे तळ उंच जातो. इनोव्हा हायक्रॉस, एक्सयूव्ही ७०० किंवा २०२१ नंतरची सफारी यांसारख्या गाड्यांचा सांगाडा व वरचा भाग एकसंध असतो. अशा रचनेत तळ तुलनेने खाली ठेवता येतो. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच रुबाबदार दिसतात. फरक गुडघ्याला कळतो.

जिना चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो, आणि उतरताना त्याहूनही थोडा अधिक. पायरी जितकी उंच, तितका गुडघा अधिक दुमडतो आणि झिजलेल्या कूर्चेवरचा दाब वाढतो. म्हणून तरुण माणूस करतो तसे, एक पाय आत टाकून त्यावर सारे अंग वर खेचण्याची रीत वृद्धांसाठी अयोग्य होय. तिच्यात गुडघा पिळवटतो, तोल एका पायावर येतो, आणि हात नेमके दाराला जातात. दार हलते. हलणाऱ्या वस्तूचा आधार हा आधारच नव्हे.

योग्य रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, दार पूर्ण उघडावे. पुढचे आसन शक्य तितके मागे सरकवून पाठ किंचित कलती करावी. चढणाऱ्याने आसनाकडे पाठ करून उभे राहावे, मांड्यांच्या मागे आसनाची कड लागली की एक हात आतील मुठीवर व दुसरा आसनावर टेकवून प्रथम बसावे. मग दोन्ही पाय एकत्र उचलून, कमरेतून न पिळता, सबंध अंगासह आत वळावे. शुश्रूषा करणाऱ्याने काखेत हात घालून उचलू नये. त्याने खांदा निखळू शकतो. एक हात कमरेमागे ठेवावा आणि दुसऱ्याने डोके वरच्या चौकटीवर आपटणार नाही एवढे पाहावे. पुष्कळदा एवढेच साहाय्य पुरते.

आसन मांडीपेक्षा उंच असेल, तर आधी पायरी हवी. येथे घरोघरी दिसणारा प्लॅस्टिकचा स्टूल किंवा पूजेचा पाट वापरला जातो, आणि तो घसरतो. त्यापेक्षा गावच्या सुताराकडून एक रुंद, जड, चौरस पायरी करून घ्यावी: साधारण १५ सेंटीमीटर उंच, दोन्ही पावले शेजारी मावतील एवढी रुंद, खाली आणि वर रबर ठोकलेली. ती मागच्या जागेत कायम असावी. गाडीलाच लावून मिळणारा फूटबोर्ड उपयोगी असतो; मात्र तो अरुंद व गुळगुळीत असेल, तर पावसाळ्यात चिखलाच्या पायांनी त्यावर चढणे धोक्याचे. पायरीवर चढताना बळकट पाय आधी ठेवावा. उतरताना दुखरा पाय आधी खाली टेकवावा. अर्धांगवायूतून सावरलेल्यांना भौतिकोपचारतज्ज्ञ हाच नियम शिकवतात.

खेड्यातील घरांना एक सोय आयतीच असते. ओट्याच्या किंवा जोत्याच्या पायरीला लागून गाडी उभी केली, की जमीनच अर्ध्या वीतभराने वर येते. शहरात पदपथाची कड तेच काम करते. पण गाडी कडेला अगदी चिकटून किंवा पुष्कळ दूर, अशी दोनपैकी एक असावी. मधल्या अंतरात पाय फटीत जातो.

आसनावर साडी अडकून अंग वळत नसेल, तर मऊ प्लॅस्टिकची पिशवी पसरून तिच्यावर बसावे; अंग सहज फिरते. बसून झाल्यावर मात्र ती पिशवी आठवणीने काढावी. जोराचा ब्रेक लागला, तर घसरत्या आसनावर माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो.

एवढे सांगितल्यावर उंच गाडीची बाजूही मांडली पाहिजे. एकदा बसल्यावर ती बसक्या गाडीपेक्षा सांध्यांना सुखाची असते. खोल आसनात कंबर काटकोनापेक्षा अधिक दुमडते. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना शस्त्रचिकित्सक नेमके हेच टाळायला सांगतात. उंच आसनात गुडघे कमरेच्या पातळीला किंवा खाली राहतात आणि उठताना मांड्यांना कमी कष्ट पडतात. आसनाची कड ज्याच्या त्याच्या कुल्ल्यांच्या पातळीला येणे, ही उत्तम उंची. ती गाडीच्या जाहिरातीत सापडत नाही. टेप घेऊन मोजावी लागते.

मानाची जागा

आपल्याकडे पुढची जागा घरातील कर्त्या पुरुषाची किंवा जावयाची समजली जाते. आजी मधल्या रांगेत, आणि माणसे जास्त झाली की ‘त्या काय, कुठेही बसतात’ म्हणून सर्वांत मागे. हा क्रम उलटा करण्याजोगा आहे. पुढच्या डाव्या आसनाचे दार रुंद असते, आसन मागेपुढे सरकते, मूठ हाताशी असते, समोरचा रस्ता दिसत असल्याने मळमळ कमी होते. फुग्याची सुरक्षा असलेल्या गाडीत छाती समोरच्या फळीपासून किमान २५ सेंटीमीटर दूर राहील इतके आसन मागे असावे. मधल्या रांगेत स्वतंत्र, हाताच्या टेकूची आसने असतील, तर तीही चांगली.

तिसरी रांग वृद्धांसाठी नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तेथे जाण्यासाठी मधले आसन दुमडून, कमरेत वाकून, आडवे सरकावे लागते. बसल्यावर गुडघे छातीकडे येतात. ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असल्यामुळे गतिरोधकावर तेथील माणूस आसनावरून उचलला जाऊन आदळतो. रजोनिवृत्तीनंतर ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा जे दीर्घकाळ स्टेरॉइड घेत आहेत, त्यांच्या पाठीचा मणका अशा एका दणक्याने दबून मोडू शकतो. पडणे नाही, अपघात नाही, फक्त एक गतिरोधक. प्रवासानंतर कंबरेत किंवा पाठीत अचानक उठलेली, उभे राहिल्यावर वाढणारी कळ बाम चोळून आठवडाभर अंगावर काढू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. जुन्या गाड्यांमधील समोरासमोरची आडवी आसने तर आणखी वाईट. ब्रेक लागला, की माणूस कडेला फेकला जातो.

मागे बसणाऱ्यांसाठीही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, हे पुष्कळांना सायरस मिस्त्री यांच्या अपघातानंतर कळले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या त्या अपघातात ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी मोठी आणि महाग असली, तरी पट्ट्याचे काम दुसरे कशाने होत नाही. वृद्धांना पट्टा काचतो, गळ्याला लागतो, पोटावर दाब येतो. या तक्रारी खऱ्या असतात. पण बहुधा तो चुकीच्या ठिकाणी असतो. खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर सपाट बसला पाहिजे. वरचा भाग गळ्याला न घासता खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे. हृदयशस्त्रक्रियेचा व्रण किंवा पेसमेकर असेल, तर पट्ट्याखाली मऊ पंचाची एक घडी ठेवावी. पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली असतो आणि डाव्या आसनाचा पट्टा नेमका डाव्या खांद्यावरूनच येतो. म्हणून काहीजण उजवीकडे बसणे पसंत करतात. पण उजवीकडचे दार वाहतुकीच्या अंगाला उघडते. आमच्या मते, पंचाची घडी घेऊन डावीकडेच बसणे बरे.

घाट, गोळी आणि पाणी

नांदुरीहून गडाकडे चढणारा रस्ता असो, कसारा असो किंवा आंबोली, घाट आला की वृद्धांच्या पोटात गोळा येतो. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते आणि गाडीच्या आतल्या स्थिर वस्तूंवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते. उंच गाडी वळणावर कलते, त्यामुळे तिच्यात हा त्रास थोडा अधिक जाणवू शकतो. पुढे बसणे, दूरच्या डोंगरावर नजर ठेवणे, मान टेकवून स्थिर ठेवणे, काच थोडी उघडणे, निघण्यापूर्वी तेलकट न खाता हलके खाणे, तोंडात आल्याची वडी ठेवणे, हे साधे उपाय आधी करावेत. सर्वांत गुणकारी औषध चालकाच्या पायात असते: वेग कमी, ब्रेक हळू.

घाटाआधी अ‍ॅव्होमिनची गोळी देण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती औषध आहे याचाच विसर पडतो. तिच्यातील प्रोमेथॅझिन हा घटक तरुणांना केवळ झोप आणतो. वृद्धांत मात्र त्याने भ्रम होणे, तोंड कोरडे पडणे, चालताना तोल जाणे असे परिणाम दिसतात, आणि ते अनेक तास टिकतात. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेल्या पुरुषांत लघवी अडकण्याचा धोका असतो. सहलीच्या मुक्कामी पहाटे लघवी तुंबून तडफडणाऱ्या आजोबांच्या त्रासामागे आदल्या दिवशीची ती निरुपद्रवी वाटणारी गोळी असू शकते. गोळी द्यायचीच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि आजोबांच्या चालू औषधांची यादी त्यांना दाखवावी.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळाले तर ते भारतीय पद्धतीचे असेल आणि गुडघे दुमडणार नाहीत, मुलाला गाडी थांबवायला किती वेळा सांगायचे, या विचाराने घरातील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने रक्तदाब खाली येतो, चक्कर येते, मूत्रमार्गाचा दाह होतो. काहीजण लघवीवाटे पाणी काढणारी गोळी त्या दिवशी आपल्या मनानेच बंद करतात. हृदयविकार असलेल्यांत त्याचा परिणाम रात्री श्वास लागण्यात होऊ शकतो. गोळीची वेळ पुढेमागे करता येते का, हे डॉक्टरांना विचारण्याची गोष्ट आहे. ती गाळणे हा निर्णय आपला नव्हे.

येथे मोठ्या गाडीचा खरा उपयोग होतो. घडीची कमोड खुर्ची तिच्यात सहज मावते. दोन जुन्या साड्या, चार क्लिप आणि उघडलेले मागचे दार यांचा आडोसा करून रस्त्याच्या कडेला आत शिरून, झाडाखाली, पाच मिनिटांत सोय होते. आरंभी सर्वांना अवघडल्यासारखे होते. दुसऱ्या सहलीपासून कोणाला काही वाटत नाही, आणि आजी आपणहून पाणी मागतात.

चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासात आढळले. म्हणून दीड-दोन तासांनी थांबावे, माणसाला खाली उतरवावे, गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात. मधल्या काळात बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर-खाली करावेत. एकाच पोटरीवर सूज व दुखणे आले, किंवा अचानक धाप लागली, तर घरी पोचण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

कामाची गाडी, घरची गाडी

जुन्या पद्धतीच्या कारला डिकी वेगळी असे. मोठ्या गाडीत सामानाची जागा आणि माणसांची जागा यांच्यामध्ये पडदा नसतो. दोहोंची हवा एक. शनिवारी ज्या ठिकाणी गंधकाच्या भुकटीच्या पिशव्या, कीटकनाशकाचे डबे आणि डिझेलचा कॅन होता, तेथेच रविवारी आजीचे अंथरूण आणि नातवाचा डबा ठेवला जातो. गंधकाची धूळ श्वासनलिकेला डिवचते; दमेकऱ्याला बंद काचांच्या गाडीत ती अर्ध्या तासात खोकला आणते. घरची माणसे ‘एसी सोसला नाही’ असा निष्कर्ष काढतात. औषधांचे डबे झाकणाच्या घट्ट प्लॅस्टिक पेटीत, ती पेटीही शक्य तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टेम्पोत न्यावी. गाडीतूनच नेणे भाग असेल, तर खाली धुण्याजोगी ताडपत्री अंथरावी, प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी आतून ओल्या फडक्याने पुसून दारे उघडी ठेवावीत. एसी लावताना आतलीच हवा फिरवणारे बटण सतत दाबून ठेवू नये; सात माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि चालकालाही पेंग येते.

मागे सुटे ठेवलेले सामान हा दुसरा धोका. क्रेट, पाण्याचा जार, गॅसची छोटी शेगडी हे सारे अचानक ब्रेक लागला, की पुढच्या डोक्यांवर येते. दोरीने किंवा जाळीने बांधावे; आसनाच्या पाठीपेक्षा उंच रचू नये. घडीची चाकाची खुर्ची न्यायची असेल, तर बहुतेक गाड्यांत तिसरी रांग दुमडावी लागते. म्हणजे चाकाची खुर्ची हवी असलेल्या घरात सात आसनांची गाडी प्रत्यक्षात पाच माणसांची होते, हा हिशेब गाडी घेण्यापूर्वीच मांडून ठेवावा.

औषधे मात्र सामानात टाकू नयेत. इन्सुलिन, जिभेखाली ठेवायची गोळी, साखरेचे खडे, पंप यांची पिशवी बसणाऱ्याच्या हाताशी असावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनीही वाढू शकते, आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. इन्सुलिन त्या उष्णतेत निकामी होते.

माणसाबद्दलही तेच लागू आहे. “दादा, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही दर्शन घेऊन आलोच,” हे वाक्य तीर्थक्षेत्रांच्या आणि धबधब्यांच्या वाहनतळावर नेहमी ऐकू येते. रांग मोठी निघते आणि ‘आलोच’चे दोन तास होतात. वृद्धांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, रक्तदाबाची काही औषधे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी करतात. आणि आपोआप कुलूप लागणारे दार आतून कसे उघडायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बंद किंवा आडोशाच्या जागेत इंजिन चालू ठेवून बसणेही घातक, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सोबत एक माणूस, झाडाची सावली, दोन्ही बाजूंची उघडी दारे आणि पाण्याची बाटली, एवढे असेल तरच मागे थांबवावे. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणारी कुटुंबे आजी-आजोबांना बंगल्यावर ठेवून जातात. झाडांपर्यंत चालत जाणे अवघड असले, तरी दिवे मालवून रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीतून, काच खाली करून, काजव्यांनी लखलखणारे झाड त्यांना पाहता येते.

उतरण्याआधी एक मिनिट

चढताना माणूस सावध असतो. पडतो तो बहुधा उतरताना. तीन तास बसल्यावर पाय आखडलेले असतात, उभे राहताच रक्तदाब खाली येतो, उंच आसनावरून जमीन नीट दिसत नाही, आणि मंडळींना चहाची घाई असते. गाडी थांबल्यावर दार उघडून दोन्ही पाय बाहेर काढावेत आणि तसेच मिनिटभर बसावे. घोटे दहा वेळा फिरवावेत. मग पायरी नीट ठेवली आहे याची खात्री करून उठावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर खालच्या भिंगातून जमीन धूसर दिसते. उतरताना मान खाली वाकवून वरच्या भिंगातून पाहावे.

अंगणात गाडी मागे घेताना तिच्यामागे कोण आहे, हे उंच गाडीच्या चालकाला आरशात दिसतेच असे नाही. तुळशीला पाणी घालणारी आजी आणि रांगणारे नातवंड दोघेही काचेच्या खाली असतात. मागचा कॅमेरा असावाच; तरीही एका माणसाने उतरून मागे उभे राहिल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, असा घरचा नियम करावा. जे आजोबा स्वतः चालवतात, त्यांनी मोतीबिंदूची तपासणी वर्षाला करावी आणि रात्रीचे चालवणे वेळीच सोडावे. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाला नमुना १-अ चा वैद्यकीय दाखला लागतो. तो केवळ सही-शिक्क्यापुरता न घेता खरोखर तपासून घ्यावा.

दिंडोरीच्या त्या घरात आता सुताराने केलेली पायरी आहे आणि पुढची जागा आजींची ठरली आहे. गेल्या हिवाळ्यात त्या हुरड्याला गेल्या. चावत नाही म्हणून त्यांनी तो खलबत्त्यात कुटून खाल्ला.

नवी गाडी घ्यायची असेल, तर विक्रेत्याच्या दालनात वृद्धांना घेऊन जावे, नेहमीच्या साडीत किंवा धोतरात आणि नेहमीच्या चपलांत. दालनातील फरशी गुळगुळीत व सपाट असते. म्हणून गाडी बाहेर काढायला सांगावी. आजींना स्वतःहून चढू-उतरू द्यावे, एकदा नव्हे तीनदा, आणि तिसऱ्या वेळी अर्धा तास आत बसल्यानंतर. मूठ हाताला लागते का, दार ओढताना खांदा दुखतो का, पट्ट्याची कडी बोटांनी दाबता येते का, हे त्यांनाच विचारावे. त्यांच्या वतीने मुलाने उत्तर देऊ नये. मग त्यांना पुढे बसवून गाडी फिरवून आणावी, आणि त्या फेरीत एखादा खराखुरा गतिरोधक येईल असा रस्ता निवडावा.